ताटातलं डोंगल

१ ऑक्टो., लातूर
उद्या दसरा, म्हणून टायपिंग क्लासमध्ये आज पूजा. सरांनी सगळे वायरलेस कीबोर्ड मांडले आणि पीसीला लावायचे ते नखाएवढे डोंगल ताटात. हळदकुंकू, झेंडू, नारळ. नंतर माझं डोंगल कोणतं, कळंना. वैष्णवी, माझी रूममेट, क्लासमध्ये पण शेजारीच, म्हणली, "घे ना कोणतं बी, सारखेच हायत की." तिनंच हातात दिलं.

६ ऑक्टो.
स्पीड ४१ होता, आज २९!! वै. थेट ४० वर. तिचा तर तीसच्या वर कधी गेला नव्हता.
सर : "काय मॅडम, सोनं लुटून बोटं दुखायली का?"
सेल बदलले. फरक न्हाई. वायरलेसची एवढी फॅन मी, पण आता डाउट यायलाय. एक्झामला आपापला कीबोर्ड चालतो. ४० नाही आले तर क्लार्कची पोस्ट गेली.

९ ऑक्टो.
परत २८. सगळ्यांना एकच पॅसेज, एकदम सुरू. नजर कागदावर राहावी म्हणून स्क्रीनवर टॉवेल. मग काय उमटतंय, कसं कळणार?
वै. फोनवर पप्पांना : "हाव, चाळीस झाले. आता ते निलंग्याचं स्थळ नको म्हणून सांगा."
लई खूष. मला पाणीपुरी.

११ ऑक्टो.
पॅसेज चालू, मला शिंक आली. हात थांबले. फॅननं टॉवेल सरकला. माझ्या स्क्रीनवर अक्षरं पळतच होती!
शेजारी पाहिलं. वै.ची बोटं, माझी स्क्रीन. ती थांबली की इकडं थांबलं. म्हणजे डोंगलची अदलाबदल! माझं सगळं तिच्या...
तिनं पटकन टॉवेल सरळ केला. "सर ओरडतील गं."
बस, एवढंच. तिला आत्ता कळलं? की आधीच?

१२ ऑक्टो., नांदेड
दादाच्या दुकानातून वायरवाला कीबोर्ड घेतला. विचारलं, कुणी मुद्दाम केलं असंल का?
"तुला लई शंका. पूजेच्या गडबडीत बदललं असंल."
हाव. असंल. पण ताटातून दिलं कुणी?

१३ ऑक्टो., लातूर
रूमवर आल्याबरोबर वै.नं बॅगेतली वायर पाहिली. कशाला आणली, विचारलंच नाही.
"उद्यापासून लाव ना. आज पप्पा यायलेत क्लासला. सर त्यांना माझा स्पीड दाखवणार हायत."
"म्हणजे तुला माहीत होतं? कधीपासून?"
वेणी घालत बसली. मग माझ्या बॅगेची चेन तिनंच लावली.
क्लासला निघायचंय. खाली तिचे पप्पा आलेत, हाका मारायलेत. दोघींना.