जो परत आला, त्याच्या नावे

मी, श्रीमती मथुरा भागोजी शिवलकर, वय ६८, धंदा सुकी मासळी विकणे, राहणार खारवीवाडा, रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. कर्करोग पोटात आहे, डोक्यात नाही. कोणी धाक घालून लिहवून घेतलेले नाही.

१. ता. ३ फेब्रुवारी २०२० चे माझे मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. त्यात घर आणि सर्व चीजवस्तू धाकटा मुलगा रितेश याच्या नावे होती. तो तेव्हा दीड वर्ष बेपत्ता होता. थोरला अजिंक्य घरात होता, मला जेवूखाऊ घालत होता, त्याला मी काही ठेवले नव्हते. का, ते लिहिणे भाग आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये, मासेमारीची बंदी उठून आठच दिवस झाले असता, दोघे भाऊ खलाशी होते ती होडी वादळात उलटली. मी आंजर्ल्याच्या गणपतीपुढे पदर पसरला. म्हटले, "माझा रितेश दे." पोटच्या दोघांपैकी एकाचेच नाव घेतले. तिसऱ्या दिवशी मजीदभाई सोलकर यांच्या लाँचला रिकाम्या कॅनला धरून तरंगणारा माणूस दिसला. तो अजिंक्य होता. धक्क्यावर लोक "चमत्कार झाला" म्हणून रडत होते. मजीदभाई म्हणाले, "अल्लाने दिला, भाभी. मी नुसता दोर टाकला." मिठाने सोललेल्या तोंडाने अजिंक्य "आये" म्हणाला.

मी विचारले, "रितेश कुठाय?"

त्याला पाणीसुद्धा विचारले नाही.

२. दीर सदू याने त्याच धक्क्यावर "भावाला सोडून आलास होय रे?" असे चारचौघांत म्हटले. त्यास माझ्या मिळकतीतून काही नाही. बाराव्याला यावे, जेवावे, बोलू नये.

३. यंदाच्या गणपतीत, इस्पितळातून येताना रिक्षात, अजिंक्यने मला पहिल्यांदा सांगितले. रितेशचा हात मोडला होता. अजिंक्यने सदरा फाडून त्याला कॅनशी बांधले. कॅन दोघांना पेलत नव्हता, सारखा खाली जात होता. दुसऱ्या पहाटे अजिंक्यचा डोळा लागला. जाग आली तेव्हा सदऱ्याची पट्टी कॅनला होती, रितेश नव्हता. "आये, माझी गाठ सैल पडली असणार." हे मनात घेऊन त्याने सात वर्षे मला सांभाळले, माझ्या उलट्या काढल्या. पहिले मृत्युपत्र त्याने वाचले होते, हेही तेव्हाच कळले.

अजिंक्यची गाठ मला ठाऊक आहे. ती आपोआप सैल पडत नाही, मुद्दाम सोडवावी लागते. रितेशने ती धड हाताने आणि दातांनी सोडली, असे मी मानते. पुढे कोणी अजिंक्यला बोल लावला तर हा कागद दाखवावा.

४. सबब चिऱ्याचे दोन खोल्यांचे घर, मागचे मासळी वाळवायचे खळे आणि बँकेतली शिल्लक अजिंक्य याला द्यावी. नथ सून विमला हिला. तिने मला न्हाऊ घातले, कधी तोंड वाकडे केले नाही. मजीदभाई साक्षीदार असल्याने त्यांना काही देता येत नाही, असे वकीलबाई सांगतात. नाहीतरी त्यांना पुरेल असे माझ्याकडे काही नाही.

५. अजिंक्य देवळात जात नाही. म्हणतो, "देव चांगला असता तर दोघांना आणलं असतं." कळ उठते तेव्हा मीही देवाला शिव्या देते. पण शिव्या द्यायला तो समोर लागतो, आणि तो असतो. न मागता त्याने माझा लेक दिला, तो मी उष्ट्या ताटासारखा बाजूला सारला. तो चमत्कारच होता. रितेश गेला हेही खरे. दोन्ही एकाच हातून कसे, ते मला कळलेले नाही. तरी देव चांगला आहे असे मी मानते. अजिंक्यने मानावे अशी अट या मृत्युपत्रात नाही.

६. रितेशचे क्रियाकर्म मी आजवर होऊ दिले नाही. माझ्या चितेला अग्नी अजिंक्यनेच द्यावा. नंतर दर्भाचा पुतळा करून रितेशलाही द्यावा. दोन्ही एका दिवशी करू नये. आधी मला जाऊ द्यावे. पोर एकटे गेले. ते पोचेल तिथे आपले माणूस अगोदर उभे असावे.

लिहिलेले दोनदा वाचले. खाडाखोड नाही. साक्षीदारांसमक्ष सही करते.

सही: मथुरा भागोजी शिवलकर

साक्षीदार:
१. मजीद तहा सोलकर, लाँचमालक
२. डॉ. महरीन फैझान काझी (लिहिणारी पूर्ण शुद्धीवर असल्याचे मी तपासले आहे.)

ठिकाण: रत्नागिरी
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५