कडब्यातलं चाक

ता. ७ जानेवारी १८६४, गुरुवार

दौऱ्यावरच्या साहेबाचा डेरा उद्या पातूरहून हलणार. सामानाला गाड्या हव्यात म्हणून तहसिलीचा चपराशी सकाळीच गावात आला, बरोबर कोतवाल. निम्म्याहून जास्त गाड्या कापूस घेऊन अकोल्याला, खामगावला गेलेल्या. घरी होत्या त्यातली माझी सोडली तर प्रत्येकीचं एक चाक गायब. हे दरसालचंच. चपराशी निघाल्याची कुणकुण लागली की लोक आसाची खीळ काढतात, चाक उतरवतात आणि कडब्याच्या गंजीत घालतात. शेजारच्या सोनाजी माळ्याची गाडीही अंगणात एका कुशीवर कललेली.

"चाक सुताराकडं हाये," सोनाजी म्हणाला.

चपराशी म्हणाला, "इस गाँव में सुतार कितने हैं, बाबा?" सगळे हसले. तोही हसला, पण प्रत्येकाचं म्हणणं लिहून घेतलं, खाली निशाण्या करवल्या.

मी गाडी दिली. बैलही दिले. हाकायला कोतवालाचा भाऊ गेला.

सोनाजी कुंपणावरून म्हणतो, "मास्तर, तुमच्या देवाले चाक काढाचं मालूम नाई काय?" म्हटलं, त्याला सगळं माहीत आहे, मलाच करायचं नाही. सरकारचं सरकारला, देवाचं देवाला, हे दर रविवारी दुसऱ्यांना सांगायचं आणि चाक कडब्यात घालायचं, हे कसं जमेल? शेतसाराही मी, कुणी मागायला येण्याआधीच भरतो.

बायकोनं, रखमानं, चपराशाला पाणी दिलं. आत येऊन गाडीबद्दल म्हणाली, "बंडी देवानं नाई मांगितली. चपराशानं मांगितली."

हसलो. मन शांत आहे.

ता. १० जानेवारी, रविवार

उपासनेला तिन्ही ख्रिस्ती घरची माणसं आली. सत्तेचा मान राखणे यावर बोललो. कर, सारा, बेगार. आपल्या गाडीचा दाखला दिला. देताना बरं वाटलं.

रखमाचं पोट सकाळपासून दुखतं. ओवा खाल्ला, शेकलं. गायली, पण भिंतीला टेकून.

गाडी अजून नाही. डेरा बाळापूरकडे वळला म्हणतात.

ता. १९ जानेवारी, मंगळवार

रखमा गेली. मागल्या मंगळवारी.

वरचं वाचलं. मन शांत आहे असं लिहिलं आहे.

ता. २० जानेवारी

लिहून ठेवतो, नाहीतर पुढेमागे मला वेगळंच आठवू लागेल.

सोमवारी ताप चढला. मंगळवारी उजाडता पोट लाकडासारखं. हात लावू देईना. सुईणबाई म्हणाली, हे माझं काम नव्हे, सरकारी दवाखान्यात न्या. दवाखाना अकोल्याला.

पाटलाकडे गेलो. त्याच्या तिन्ही गाड्या कापसाला. आणखी तीन-चार घरी गेलो. चाक नाही, चाक नाही. ज्यांच्या गंज्या मला दिसत होत्या तेही. एकानं दार लोटता लोटता सांगितलं, "मास्तर, तुमाले चाक दाखवलं म्हंजे सरकारलेच दाखवलं." रागानं नाही म्हणाला. खरं तेच म्हणाला.

सोनाजी मळ्यात वांगी तोडत होता. त्याला सांगितलं. टोपली तिथेच ठेवली, घरी आला, गंजी उपसली, चाक गडगडत अंगणात आणलं. "धरा मास्तर." दोघांनी चढवलं. खीळ त्याच्या धोतराच्या कनवटीला होती. चंद्रभागाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तणसावर गोधडी घातली आणि रखमाला मुलीसारखं उचलून ठेवलं. आम्ही बाटल्यापासून आमच्या घरचं पाणी न घेणारी बाई.

रस्ताभर कापसाच्या गाड्या. तिकडे अमेरिकेत लढाई आहे म्हणून इकडे भाव. आजचा भाव उद्या मिळायचा नाही, असं प्रत्येकाच्या डोक्यात. बाजू कुणी देईना. सोनाजीचा ओरडून ओरडून घसा बसला. मोर्णा नदीच्या उतारावर सगळ्या अडकल्या. तिथे थांबून राहिलो. रखमा म्हणाली, "दादा, बैलं तहानले असतीन. पानी पाजा." सोनाजी उतरला, बैल सोडले. ते पाणी पीत असतानाच

पलीकडच्या काठावर कापसाच्या वखारी दिसत होत्या.

ता. २१ जानेवारी

राहिलेलं. अकोल्याला साहेबलोकांच्या कबरस्तानाच्या कडेला पुरलं. जागा सरकारनं दिली. कुणी विचारलं नाही तू कोण. आमच्या गावात ही जागा मिळाली नसती. हेही लिहिलं पाहिजे.

तिला घेऊन तहसिलीसमोरून जाताना तोच चपराशी उभा होता. सोनाजीकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, मग गाडीत पाहिलं. बाजूला झाला.

ता. २२ जानेवारी, शुक्रवार

आमची गाडी आली. आस तडकलेला. बैलांच्या बरगड्या दिसतात. कोतवालाचा भाऊ म्हणाला, भाडं कचेरीत मिळते, जाऊन आणजा. गेलो नाही.

तांबड्या बैलानं गोठ्यात शिरताना घराच्या दाराकडे मान वळवली. ती रोज भाकर द्यायची त्याला.

ता. ३१ जानेवारी, रविवार

उपासना घेतली. वचन वाचलं आणि बसलो. सारजाबाई, आमच्यातली सगळ्यात म्हातारी, म्हणाली, "मास्तर, आज ते सरकारचं सांगतलं नाई." म्हटलं, पुढं केव्हातरी. ती म्हणाली, "सांगजा. माह्या लेकाले आयकाचं होतं."

ता. ५ फेब्रुवारी, शुक्रवार

चपराशी आला. डेऱ्याला गाड्या कमी पडल्या, साहेब तापला आहे, तहसीलदाराला जाब विचारला आहे. खोटी निशाणी कुणी केली याची चौकशी. गावात सगळ्यांनीच केली. पण अकोल्याच्या रस्त्यात चालती गाडी दिसली ती एकट्या सोनाजीची.

साक्षीदार मी. चाक त्या दिवशी मोडलेलं होतं की लपवलेलं, एवढंच सांगायचं. २४ तारखेस हजर राहणे.

चपराशी म्हणाला, "मास्टरजी, आप झूठ नहीं बोलते, मैंने यही कहा कचहरी में." माझी स्तुती करत होता. आणि हळू आवाजात, "उस दिन मैं चुप रहा. बाद में पूछा गया, तो क्या करता?"

त्याला पाणी मी दिलं. भांडं कुठे ठेवलेलं असतं ते शोधावं लागलं.

ता. ६ फेब्रुवारी

शिक्षा काय, पाटलाला विचारलं. दंड, आणि गाडी जप्त. गाडी गेली तर सोनाजी वांगी, कांदे, झेंडू अकोल्याच्या बाजाराला नेणार कशात? डोक्यावर? भाडोत्री गाडी या दिवसांत कुणालाच मिळत नाही.

पाटील म्हणाला, "तुमी इतकंच सांगा मास्तर, चाक तवा मोडेल होतं, मंग दुरुस्त केलं. दोन शब्द हायेत." म्हटलं, त्या गुरुवारी तुमचं चाक कुठे होतं? तो हसला. "माह्यं कोणी पायलं?"

रखमा असती तर काय म्हणाली असती ते मला ठाऊक आहे. तिच्या आवाजात ऐकू येतं. म्हणून विचारत नाही.

ता. १३ फेब्रुवारी, शनिवार. अमरावती

पाद्रीसाहेबांना भेटायला आलो. ज्या शाळेत शिकलो तिचीच ओसरी, तोच बाक. पेठेत पाय ठेवायला जागा नाही, कापसाचे गठ्ठे रस्त्यापर्यंत. काल आलेली माणसं चांदीची कडी घालून फिरतात. त्यांच्या बैलांच्या शिंगांनाही.

पा. सा. नी सगळं ऐकलं. रखमाचं ऐकताना डोळे मिटले होते. तिचा बाप्तिस्मा त्यांच्याच हातचा. म्हणाले, खरं हे देवालाही द्यायचं आणि सरकारलाही, त्यात दोन वाटे नाहीत. खरं सांग, आणि मग त्याच कचेरीत उभा राहून त्या माणसासाठी दया माग.

बरोबर आहे. मीही दुसऱ्याला हेच सांगितलं असतं.

मग मी विचारलं, "साहेब, सोनाजीनं मी शिकवतो तसं केलं असतं, चाक लपवलं नसतं, तर मंगळवारी ते चाक कुठे असतं?"

ते म्हणाले, प्रार्थना करू. केली. त्यांची प्रार्थना चांगली होती. माझ्या प्रश्नाबद्दल तीत काही नव्हतं.

ता. १४ फेब्रुवारी, रविवार

रखमाच्या आईकडे गेलो. ती अमरावतीतच असते, देवळाबाहेर फुलं विकते. आम्ही ख्रिस्ती झाल्यापासून तिनं उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. आज आत घेतलं. फुलांच्या पाट्या सरकवून बसायला जागा केली. ती गजरा ओवत होती, दोरा संपला तरी बोटं चालत होती.

मग म्हणाली, "जावईबापू, तुमच्या घरी तं बंडी होती."

सरकारचं सरकारला, हे तिला कसं सांगू? तिनं पुन्हा विचारलं नाही. निघताना मूठभर शेवंती पदरातून दिली, "तिच्यावर टाकजा."

ता. १८ फेब्रुवारी, गुरुवार

घरी. येताना अकोल्याला थांबून शेवंती तिच्यावर टाकली, सुकली होती. आसासाठी सुताराकडे गेलो. तो म्हणतो कापसाच्या गाड्या आधी, तुमचा आस होळीनंतर. आता खरोखरच सगळी चाकं सुताराकडे आहेत.

चंद्रभागाबाई कुंपणाशी आली, मला पाहून परत गेली. रखमा होती तेव्हा रोज दोन वांगी कुंपणावर ठेवलेली असायची.

सायंकाळी सोनाजी कांद्याला पाणी देत होता. मी बांधावर बसलो. तो वाफ्यांची दारं धरतो, माती ओढतो. शेवटी मीच म्हटलं, सोनाजी, मला बोलावणं आहे.

"मले मालूम हाये."

मी खोटं बोलत नाही.

"तेबी मालूम हाये. गंजीतून चाक काढलं ना, तवाच मालूम होतं. म्हटलं, हे आता मास्तरनं पायलं."

मग कशाला काढलं?

त्यानं फावडं टेकवलं. माझ्याकडे पाहिलं, जसं वर्गातल्या मठ्ठ मुलाकडे मी पाहतो. "वहिनी कन्हत होती ना मास्तर."

आणि पुढच्या वाफ्याला गेला. लांबून म्हणाला, "पाय काढा तिथून, पानी येऊन राह्यलं."

ता. २१ फेब्रुवारी, रविवार

उपासना घेतली नाही. अंगात कसर आहे असं सांगितलं. कसर नव्हती. हे आयुष्यातलं पहिलं खोटं नसेल, पण ठाऊक असलेलं पहिलं.

गाडी दिली याचा पस्तावा शोधतो आहे आणि तो सरळ सापडत नाही. उद्या पुन्हा चपराशी आला तर देईन का? दिली नाही तर इतकी वर्षं काय शिकवलं? दिली तर तिच्यापुढे कोणत्या तोंडानं उभा राहू? एक मात्र सापडतं. त्या रविवारी गाडीचा दाखला देताना बरं वाटलं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती आणि मला बरं वाटत होतं.

सरकारनं दवाखाना बांधला, रस्ता केला, तिला जागा दिली. ते सगळं आमच्या साऱ्यातूनच. मी मन लावून भरलेल्या साऱ्यातून. चाकच काय ते नव्हतं.

खरं सांगितलं तर सोनाजीची गाडी जाते. खोटं सांगितलं तर माझ्याजवळ देवाला द्यायला काय उरतं? आणि गप्प राहिलो तर तेही एक उत्तरच, तहसीलदार काही लहान मूल नाही.

ता. २४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी चालत निघणार होतो. माझ्या गाडीचा आस तसाच. दार लावतो तर बाहेर सोनाजी गाडी जुंपून उभा. त्यालाही तिथेच जायचं आहे.

"बसा. दोघांचा रस्ता एकच हाये."

तणस नवीन घातलं होतं. मी मागे बसलो नाही, पुढे धुरेवर त्याच्याजवळ बसलो. चंद्रभागाबाईनं भाकरी बांधून दिली. फडक्यात दोन माणसांच्या होत्या.

वाटेत त्यानं कांद्याचं सांगितलं, पाटलाची नक्कल करून दाखवली, "माह्यं कोणी पायलं," अगदी तसंच. मी हसलो, मग हसल्याचं वाईट वाटलं. त्यानं विचारलं नाही मी काय सांगणार. मीही बोललो नाही. मला माहीत असतं तर बोललो असतो.

आता मोर्णेच्या काठावर आहोत. कापसाच्या गाड्या आजही आहेत, थोड्या कमी. त्यानं बैल सोडले, पाणी पीत आहेत. मी गुडघ्यावर वही ठेवून लिहितो आहे. पलीकडे वखारी, त्यामागे कचेरीचा झेंडा.

डावं चाक वाटभर कुरकुरत होतं. कडब्यातून काढलेलं तेच. सोनाजी वाकून आसाशी पाहतो आहे. म्हणतो, वंगन सरलं. येतानी लावू.