ताईच्या गाडीचा नवा पंप

दि. १४ नोव्हेंबर

प्रिय धाकटी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. माझी तब्येत ठीक आहे. गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. जेवणाचं विचारलंस. दोन्ही वेळा करतो, आणि खाण्याजोगं असतं. तुझ्या शाळेतल्या मुलांच्या परीक्षा एव्हाना आटोपल्या असतील.

बाबांची गाडी कधी पाठवताय, असं तू एकाच ओळीत विचारलं आहेस. गाडी तुला द्यायची हे तुझ्या ताईने दवाखान्यातच सांगून ठेवलं होतं. "धाकटीला द्या, पण चालू करून द्या. ढकलत न्यावी लागली तर ती जन्मभर ऐकवेल," असं म्हणाली. त्यात माझ्याकडून काही बदल नाही. उशीर झाला तो गाडीतल्या पंपामुळे, टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे पोचवणारा तो विजेवरचा पंप. तेव्हा आधी त्याचं सांगतो.

तुला तो माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. डिकीतली फळी उचलली की टाकीशेजारी दिसतो. चावी फिरवली की टकटक सुरू व्हायची आणि पुढे पेट्रोल भरलं की मंदावायची. अडकला तर पान्याच्या मुठीने ठोकायचा. ठोकणारा मागे असला तरी चावीवर एक हात पुढे हवाच, पेट्रोलजवळ ठिणगी पडली तर वीज तोडायला, हा बाबांचा नियम. लहानपणी तुम्ही दोघी बहिणी मिळून हे करायचात. लग्नानंतर तुझी जागा मला मिळाली. ताई मागे, मी चावीवर. ठोकताना तिला स्वतःला टकटक कळायची नाही, म्हणून मला विचारायची.

"आला का आवाज?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"कान आहेत ना जागेवर?"

"तू पंपाला ठोकते आहेस की टाकीला?"

भर बाजारात, लोकांच्या दारात, कुठेही हे चालायचं. येणारे-जाणारे थांबून बघायचे. मी नव्या पंपाचा विषय काढला की ताई म्हणायची, "चालतोय की! तुम्हाला ऊठसूट नवं कशाला लागतं?"

ती गेल्यावर गाडी बरेच दिवस उभीच होती. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा कव्हर काढलं, बॅटरी चार्ज करून आणली, आत बसून चावी फिरवली. आवाज आला नाही. मी तसाच बसून राहिलो. मागून ठोकण्याची वाट बघतो आहे, हे जरा वेळाने लक्षात आलं.

चावी तशीच ठेवून मागे जाता आलं असतं. पण बाबांचा नियम एकट्याने मोडवेना. चावी काढली आणि मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री तोच, गल्लीच्या टोकाचा. त्याने फळी उचलली आणि कपाळावर हात मारला.

"काका, काय मार खाल्लाय याने! पोचे बघा."

"अरे, चालत होता."

"चालत कसला! काकू चालवत होत्या."

उघडला तर आतला रबरी पडदा कडक होऊन तडकलेला, वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट जळून काळे पडलेले. पडदा बदलून, पॉइंट घासून जुनाच वापरता आला असता. मिस्त्रीने दोन्ही पर्याय सांगितले. मी म्हटलं, "नवा घाल. चालवणारं माणूस एकटं आहे." हे मी तुझ्याबद्दल बोलत होतो. तो माझ्याकडे बघून नुसतं "बरं" म्हणाला.

नव्या पंपात पॉइंटच नाहीत, त्यामुळे ठोकायची भानगड गेली. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेव. या गाडीत बॅटरीचं अधिकाचं, म्हणजे प्लसचं, टोक बॉडीला जोडलेलं आहे. पंप त्याप्रमाणे बघूनच आणला आहे. कुणी शहाणा ते उलटं करायला निघाला तर करू देऊ नकोस. रबरी नळ्याही नव्या टाकल्या आहेत. तरी पेट्रोलचा वास आला तर आधी चावी बंद करायची, मग खाली उतरून बघायचं.

हे सगळं होऊन बरेच दिवस झाले. गाडी तेव्हापासून तयार आहे. मधल्या तुझ्या दोन पत्रांना मी "पंपाचं काम चालू आहे" असं उत्तर पाठवलं. काम चालू नव्हतं.

बाबा गेल्यानंतर गाडीवरून तुमचं बोलणं बंद झालं, तेव्हा मी एकदा ताईला म्हटलं होतं, "तिला एवढं लागलं आहे तर देऊन टाक ना गाडी." ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी पुरी केली आणि म्हणाली, "देईन की. पण गाडीपायी का होईना, अधूनमधून तिचं चार शिव्यांचं पत्र तरी येतं. गाडी दिली की तेही बंद." तेव्हा मी हसलो होतो.

मी तुझं काम का लांबवत होतो ते यावरून समजून घे. याहून नीट लिहायला मला जमणार नाही.

ट्रक पाठवू नकोस. चढवता-उतरवताना रंग खरवडतात. एखाद्या रविवारी तू स्वतः ये. टाकी भरून ठेवतो, चाकांतली हवा बघून ठेवतो. कागदांवर सही करून चावी तुझ्या हातात देईन. चहा घेऊन लगेच निघालीस तरी चालेल.

गाडी नेलीस की आपल्यात भांडायला काही कारण उरणार नाही. तरीही एखादं काढ. पंप धड बसवला नाही, असं लिही. खोटं असलं तरी लिही. त्या पत्राला मी लगेच उत्तर देईन.

तुझा,
भाऊजी