बघायला आलेल्या मुलालाच बाहेर काढलं त्याची हकीकत

रेवदंडा,
मे १९६१

ती. सौ. गोदूमावशीला कुमुदचा वाकून नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? काकांचा दमा? इकडे सगळी बरी आहेत, फक्त बाबा माझ्याशी बोलत नाहीत. (पान वाढलंय हेसुद्धा मला भिंतीला सांगावं लागतं.) तुझ्या कानावर काय काय आलं असेल, म्हणून खरं ते लिहिते.

शाळेत कवायत शिकवते म्हणून हेडमास्तरांनी मला अलिबागला बास्केटबॉलच्या पंचांच्या शिबिराला पाठवलं. बाकी सगळे पुरुष. त्यांच्या शिट्टीतून हवेपेक्षा पानाची थुंकीच जास्त यायची. माझी ऐकून किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. एकदा रस्त्याच्या कडेला खुणांचा सराव करत होते, घड्याळ थांबवायचा हात वर केला, तर एस.टी. थांबली. कंडक्टर ओरडला, “बाय, चढायचं हाय का न्हाय?” लाजेकाजेस्तव चढले आणि पुढच्या थांब्यावर उतरून चालत परत आले.

परीक्षा म्हणजे खरा सामना, अलिबाग विरुद्ध मुरूड, आणि पंच मी. तू सुचवलेलं किहीमचं स्थळ, तो यज्ञेश्वर, अलिबागकडून खेळतो हे तू मला सांगितलं नव्हतंस! मैदानाच्या कडेला त्याची आई मला बघायला खुर्ची टाकून बसलेली, शेजारी बाबा. मुलगा उंच, देखणा आणि उधळलेल्या रेड्यासारखा धावणारा. मुरूडच्या कोंडाजीला त्याने एकदा ढकललं, एकदा आडवा केला, एकदा तर मिठीच मारली. दरवेळी मी शिट्टी फुंकली. चौथ्या फाऊलला बाबा कडेने कुजबुजले, “कुमुद, पुरे!” पाचव्याला खेळाडू बाहेर, हा नियम. आणि पाचवा झाला. परीक्षक माझ्याकडे बघतायत, त्याची आई माझ्याकडे बघतेय, बाबा आभाळाकडे. मी फुंकली.

लोक ओरडायला लागले, “बाईला काय कळतंय!” तेव्हा तोच त्यांच्याकडे वळून म्हणाला, “शिट्टी बाईंच्या तोंडात आहे, तुमच्या नाही. गप्प बसा.” आणि निमूट जाऊन आईशेजारी बसला. नंतर मी नळावर पाणी प्यायला गेले तर तिथे हजर.

“चौथा माझा नव्हता. कोंडाजी आपणहून घसरला.”

“पंचांशी वाद घालू नये,” मी म्हटलं.

“वाद कुठे? बाकीचे कबूल करतोय,” म्हणाला आणि हसला.

मी पास झाले. त्याची आई उठताना बाबांना म्हणाली, “मुलगी खमकी आहे हो. उद्या आमच्या घरातून कोणाला बाहेर काढील, नेम नाही.” घरी येताच, बाबा तोंड उघडायच्या आत, मी जाहीर केलं की असला धसमुसळा मुलगा मला नको. त्यावर मी अजून ठाम आहे.

काकांना नमस्कार, धाकट्यांना पापे.

तुझी,
कुमुद

ता. क. – रविवारी ये आणि माझी समजूत घाल. आपणहून निर्णय फिरवणं पंचाला शोभत नाही. मी आधी रडेन, मग जेवणार नाही म्हणेन. तू मनावर घेऊ नकोस, चहापर्यंत ऐकेन.

आणखी एक – रविवारची वाट बघू नकोस, हे पत्र मिळताच नीघ. त्याची आई मुरूडला दुसरी मुलगी बघायला जाणार आहे, असं त्यानेच काल सांगितलं. (कुठे भेटला, ते विचारू नकोस.)