शंकररावांचा बोर्ड आणि माझी पद्धत

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. खाडाखोड करायची नाही. शिरूरला आयटीआय अर्धवट राहिला, शुद्धलेखन अर्धवट राहिलेलं नाही.
जेम्स मामांनी (दौंडच्या दुकानाचे मालक) शब्द दिला आहे. शंकररावांचा बंद लॅपटॉप शनिवारपर्यंत मी एकट्याने चालू केला, तर रिपेअरिंगचं टेबल माझं. नाहीतर काउंटरवर बसून स्क्रीनगार्ड लावायचे. म्हणजे टेबल माझंच. फक्त औपचारिकता बाकी.

दुपारी २.००
लॅपटॉपला जोडला की चार्जरचा दिवा विझतो. मामा जेवता जेवता म्हणाले, "मदरबोर्ड शॉर्ट हाय. सप्लायवरनं जरा करंट सोड आन् बोट फिरव. जे तापंल तोच चोर." लिहून घेतलं. पण बोटाने तपासणं अशास्त्रीय वाटतं. थर्मल कॅमेरा (तापलेली जागा पडद्यावर दाखवतो) ऑनलाइन मागवला. शुक्रवारी येतोय.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
कॅमेरा येईपर्यंत वेळ फुकट घालवणार नाही. बोर्डवरच्या प्रत्येक कपॅसिटरला नंबर देऊन वहीत नकाशा काढायला घेतला. मोठे लाल शाईने, बारीक निळ्या. शेवटचा रकाना 'दोष'. संध्याकाळपर्यंत ३१२ झाले.
काउंटरवरची राजश्री (भांडगावहून येते) म्हणाली, "दादा, जनगणना लागली व्हय?" दुर्लक्ष केलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर
एक कपॅसिटर दोनदा मोजला गेला. कोणता ते कळेना. पहिल्यापासून सुरुवात.
शंकरराव येऊन गेले. रेल्वेतून रिटायर. म्हणाले, "आरं, घसरलेलं इंजिन आम्ही याच्यापेक्षा लवकर रुळावर घ्यायचो." इंजिनात इतके बारीक भाग नसतात, हे त्यांना नीट समजावून सांगितलं. ते मामांकडे बघून हसले. पटलं असावं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. सकाळी ११.४०
अपघात. कॅमेरा आल्यावर गडबड नको म्हणून तालीम घेत होतो. बोर्डला सप्लाय जोडला, एक व्होल्ट. धूळ झाडायच्या ब्रशमधून सुटलेला एक केस बोर्डवरून काढायला गेलो आणि चार्जिंग सॉकेटच्या शेजारी बोट भाजलं. उजवी तर्जनी. फोड आला. सप्लाय ताबडतोब बंद केला. टूथपेस्ट, मग पट्टी.
निष्कर्ष: दुकानात सुरक्षेची साधनं अपुरी आहेत. हातमोजे आणायचे. अर्धा दिवस गेला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
कॅमेरा आला नाही. मेसेज आला, सोमवारी येईल. हातमोजे घातले की वहीची पानं उलटत नाहीत. तरी नकाशा पूर्ण. ३११. आता चूक असेल तर ती बोर्डची आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.००
मुदत दोन दिवस वाढवून मिळावी म्हणून सकाळी मामांना लेखी अर्ज दिला. मामांनी पूर्ण वाचला. "अक्षर लई झ्याक हाय," म्हणाले आणि वही मागितली. 'दोष' या रकान्यावरून बोट वरपासून खालपर्यंत नेलं. सगळा कोरा.
राजश्रीने विचारलं, पट्टी कशाची. म्हटलं, भाजलं. "कुठं?" तर्जनी दाखवली. "बोटाचं न्हाई ओ दादा. बोर्डावर कुठं भाजलं?"
जागा दाखवली. नकाशात क्रमांक ४७. तिने तिथे सोल्डर वितळेपर्यंत गरम हवा मारली, चिमट्याने तिळाएवढा कपॅसिटर उचलला आणि बोर्ड गार झाल्यावर चार्जर जोडला. दिवा विझला नाही. बटण दाबलं. पंखा फिरायला लागला.
बोर्डवर आता एक कपॅसिटर कमी आहे, हे मी निदर्शनास आणलं. मामा म्हणाले, "त्याचं भाऊ हायेत की शेजारी. संभाळत्याल."
तसं पाहिलं तर शोध माझ्या बोटानेच लावला. मामांना हे स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "व्हय. बोटाला कळालं व्हतं. तुलाच तेवढं कळालं न्हाई."

सोमवार, १० नोव्हेंबर
टेबल राजश्रीला दिलं. माझ्याकडे ग्राहक संपर्क. दुकानात याला काउंटर म्हणतात.
दुपारी एक गृहस्थ बंद लॅपटॉप घेऊन आले. मला म्हणाले, "साहेब, तुम्हीच बघता ना रिपेअरिंगचं?"
मी त्यांच्या बॅगेची चेन उघडली, परत लावली.
म्हटलं, आत ताई आहेत, त्या बघतील.
राजश्री माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे.