मला पाहून बिघडणारे मशीन

४ मे, सकाळी
आजपासून ही वही. देवनागरीत लिहितो, आमच्या तंजावूरच्या घरात ती माझ्याशिवाय कोणाला वाचता येत नाही. मुलगा साईराम बंगळूरहून येऊन हवेतली धूळ मोजायचे मशीन देऊन गेला. स्वतः जुळवलेले, साबणाच्या डब्यात बसवलेले. आकडा इथे दिसतो आणि तिथे सून नंदिताच्या फोनवरही. नात वाणीला दम्याचा त्रास. आकडा पन्नासच्या खाली राहिला तरच ती सुट्टीत येणार. सोपे आहे. आमचे घर स्वच्छ.
तपकीर सोडून अकरा दिवस झाले. जेवणानंतरची चिमूट औषध, ती धरत नाही.

४ मे, संध्याकाळी
मशीनला कोणी हात लावायचा नाही, असे बायकोला, सरोजाला बजावले. त्यामुळे तपकिरीची डबी लपवायला चांगली जागा मिळाली. मशीनच्या मागे.

५ मे
हॉलमध्ये १८०. सरोजाच्या फोडणीचा परिणाम. मिरचीची फोडणी बंद करायला लावली.

६ मे
बिनफोडणीचे सांबार. आकडा २१०. छातीत धडधड. नाडी तीनदा मोजली, तीन वेगळे आकडे आले.

७ मे
मशीन झोपायच्या खोलीत नेले. डबीही नेली. १९५. स्वयंपाकघरात दोन्ही नेली. २००. बाहेर तिण्णईवर, म्हणजे ओट्यावर, १८८. म्हणजे सगळ्या तंजावूरची हवा बिघडली आहे. कलेक्टरांना अर्ज लिहायला घेतला. शिंक आली, कागद खराब झाला.

८ मे
शेजारचे गुरुमूर्ती रिटायर्ड वायरमन. ते म्हणाले, भोकात धूळ बसली असेल, पुसून बघा. माझ्या खिशातल्या रुमालाने नीट पुसले. ४०० झाले. गुरुमूर्तींना काही कळत नाही.

१० मे
साईरामने कुरिअरने दुसरे मशीन पाठवले. दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहायचे म्हणे. दोन्हीवर १९०. दुसरे पहिल्याचे पाहून शिकले. आधी वेगळे ठेवायला हवे होते.

१३ मे
दोन दिवस तिरुवैयारूला धाकट्या बहिणीकडे, सुप्रभाकडे, मुंजीला जाऊन आलो. डबी बरोबर होतीच. परत येऊन पाहतो तर मागच्या दोन दिवसांचा आकडा बारा. निष्कर्ष: मशीनला एकांत लागतो.

१४ मे
साईरामचा फोन. नंदिताने ग्राफ पाहिला. अप्पा, जाताना बरोबर काय काय नेले होते, असे विचारले. नेसायच्या दोन वेष्ट्या, टॉवेल, औषध, असे सांगितले. कोणते औषध, असे विचारले. लाइन खराब होती. मीच बंद केली.
नंतर सरोजाने डबी आणून समोर ठेवली. म्हणाली, "अहो, मशीनला बोलता येत नाही. मला येते. वाणी हवी का ही, तेवढे सांगा."
हा काय प्रश्न झाला? वाणीच.

१५ मे
सकाळी डबी कालव्यात टाकली. चार माणसांदेखत. मन हलके झाले. दुपारी नवी आणली. नुसती खिशात असावी म्हणून.

१६ मे
नुसती राहिली नाही. आकडा १७०.

१८ मे, तिरुवैयारू
काल घरचा आकडा उतरला. वाणी उद्या तंजावूरला पोचणार. तिच्यासाठी मी घर सोडून इथे आलो. एवढा त्याग आजकाल कोण करतो? घरी सांगितले की सुप्रभाचे गुडघे दुखतात, तिला माझी गरज आहे. सुप्रभाला हे अजून सांगितलेले नाही.

१९ मे
सुप्रभाने सांगितले, शिंकायचे असेल तर परसात जा. सात वेळा गेलो.

२० मे
व्हिडिओ कॉल. वाणी म्हणाली, "आजा, आकडा नऊ आहे. तुम्ही कधी येता?" उद्या, असे सांगितले. तेरा किलोमीटर तर आहे. बस सारख्या असतात. उद्या सकाळी तपकीर बंद, दुपारी तंजावूर.

२१ मे
आज अमुक एक कारण नाही, पण जमले नाही.

२३ मे
ती रविवारपर्यंत आहे. अजून दोन दिवस.

२५ मे, रविवार
काल सकाळी डबी संपली. दुकानात गेलोच नाही. खरेच गेलो नाही. डोके गरगरत होते, तरी रात्र काढली. सकाळी अंघोळ केली, धुतलेली वेष्टी नेसलो, पहिली बस पकडली. वाटेत टायर बसला.
घरी पोचलो तेव्हा कुलूप होते. गुरुमूर्तींनी किल्ली दिली. सगळे स्टेशनवर गेले होते, गाडी नुकतीच सुटली असेल म्हणाले.
आत जाऊन मशीनसमोर उभा राहिलो. अगदी जवळ. आकडा चौदा.
बराच वेळ उभा होतो. चौदाच.