कर्जत केबलवर गुरू ग्रह

१८ जून १९९६
पेपरात वाचलं. गॅलिलिओ यान गुरू ग्रहाभोवती फिरतंय, तिथल्या ढगांचे, वादळांचे फोटो पाठवणार. फोटो येणार आकाशातूनच ना? मग कर्जतच्या गच्चीवर माझी डिश काय झोपा काढतेय? छगननं गावात दुसरी केबल काढल्यापासून माझी गिऱ्हाइकं गळतायत. गुरूवरचं बदलतं हवामान लाइव्ह दाखवलं की सगळी परत येतील. निश्चय : तोपर्यंत कुणाला सांगायचं नाही.

१९ जून
चौकात फळा लावला.
कॉलेजचे फिजिक्सचे सर म्हणाले, तो सिग्नल पकडायला मैदानाएवढी डिश लागते. सरांचं कनेक्शन छगनकडे आहे. पण डिश जरा मोठी हवी, हे खरं.

२५ जून
धोंड्याचा महिना. राहुरीला सासुरवाडीत जेवण. सासरे जावयाला अंगठी करणार होते. मी डिश मागितली. सासूबाई म्हणाल्या, "अवो, अधिकात कुनी अँटेना मागतं व्हय?" सासरे काहीच बोलले नाहीत, म्हणजे त्यांना पटलं. पुरणाचे धोंडे जरा जास्तच झाले.

३० जून, संध्याकाळ
नवी डिश बसवली. गुरू पूर्वेला उगवतो, तिकडे तोंड केलं. पण गुरू सरकतो, मग डिशही ढकलत राहावी लागते. टीव्हीवर मुंग्या. नीट पाहिलं तर मुंग्या डावीकडे वाहतायत. वारा! मघाशी शांत होतं. रोहिणीला दाखवलं. बायको असून म्हणाली, मुंग्याच आहेत, आणि दळण आणायचंय.

४ जुलै
शुभारंभ. ताकद वाढावी म्हणून जुनी डिशही गुरूकडे वळवली. तिच्यावर इंग्लंडची टेस्ट चालू होती, हे ध्यानातून गेलं. माईकवरून सांगत होतो, पांढरं दिसतंय ते वादळ. खाली लोक जमले. पहिल्याच दिवशी एवढी गर्दी! कानिफनाथ पैलवान ओरडला, "म्याच लाव, न्हाईतर वर येतो." वर आला.

५ जुलै
विश्रांती. खांद्याला हळद. निम्मं गाव छगनकडे गेलं. तात्पुरतं.

८ जुलै
उरलेलं निम्मंही.

१२ जुलै
घरच्या टीव्हीवर, बातम्यांत, गुरू दिसला. खरा. ढगांचे पट्टे, मधे भलंमोठं वादळ. मुंगी एकही नाही. फार सुंदर होतं, डोळे भरून आले. मग लक्षात आलं, आपली केबल तर बंद आहे. रोहिणी म्हणाली, छगनचं कनेक्शन घेतलंय. माझ्या नोकरीचंही त्याच्याशी बोलून आलीय. उद्यापासून त्याच्या खांबांवर चढायचं. त्याची अट एकच, गिऱ्हाइकांपुढे ताऱ्यांचा विषय काढायचा नाही.
कबूल केलं. गुरू ग्रह आहे.